खिडकीतून घेतलेलं माप

२ नोव्हेंबर

ताई,

पोचलो. एकवीस तासांत मास्क फक्त पाणी पिण्यापुरता काढला. डब्यात आम्ही अकरा माणसं होतो आणि अकराही जण एकमेकांकडे चोराकडे बघावं तसे बघत होतो.

मुलगा स्टेशनवर आला होता. इतक्या वर्षांनी भेटलो आणि दोन हात लांबून नमस्कार केला, नव्या व्याह्यांनी करावा तसा. सामान मी जमिनीवर ठेवलं, मागे सरकलो, मग त्याने उचललं.

बाहेरून आलेल्याने चौदा दिवस वेगळं राहायचं, असा इथला नियम आहे. त्यातून तुझा भाचा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, म्हणजे त्याच्या घरी नियमाला सूट नाही, उलट दोन टाके जास्तच. म्हणून त्याने मला समोरच्या इमारतीत खोली बघून दिली आहे. तिसरा मजला. एक पलंग, एक टेबल, एक शेगडी, एक खिडकी. खिडकीखाली अरुंद रस्ता. रस्त्यापलीकडे अशीच इमारत आणि तिसऱ्या मजल्यावर अशीच खिडकी. ती त्यांची.

आज सकाळी दहाला सूनबाईने पडदा बाजूला केला. टाचणी उभी होती. नात पहिल्यांदाच डोळ्यांसमोर पाहिली. मला नीट दिसावं आणि मीही नीट दिसावा म्हणून मी माझ्या पेटीवर चढून उभा होतो. हात हलवला. तिने मागे वळून आईला काहीतरी विचारलं, मग हात हलवला.

मुलाने फोनवर सांगितलं, "ती विचारत होती, हेच का ते, गिऱ्हाईक सोडून कुठे न जाणारे आजोबा?" म्हटलं, हे वाक्य सहा वर्षांच्या मुलीचं नाही, तुझं आहे. तो हसला. मीही हसलो. पण लागलं.

परवाना तीस तारखेपर्यंतचा आहे. पंधराला इथून सुटेन, मग पंधरा दिवस नातीबरोबर. पहिल्या दिवशी माप. लाल वहीच्या शेवटच्या पानांवर घरातल्या सगळ्यांची मापं आहेत, तिचंच पान कोरं राहिलं आहे. प्रत्येक पोराचा पहिला कोट दुकानात शिवला गेला, हिचाच नाही.

एक घोटाळा झाला. टेप विसरलो. तो रोज गळ्यातच असतो, त्यामुळे सामानात घालायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

फोन करत नाही. मागच्या वेळी मी ओरडून ओरडून घसा बसवला आणि तू "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. पत्रं चार दिवसांत पोचतात म्हणे.

सहासष्टाव्या वर्षी मला बाळ म्हणणारी तू एकटीच उरलीस, म्हणून सही तशीच करतो.

बाळ


६ नोव्हेंबर

बाळ,

टेप सापडला. दुकानातल्या पुतळ्याच्या गळ्यात आहे. मी काढला नाही. पाठमोरा पुतळा पाहिला की तू काम करतो आहेस असं वाटतं. शिवाय तो टोमणे मारत नाही.

कपडे शिवायला सध्या कुणी येत नाही. मी मास्क शिवते, दिवसाला चाळीस. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर पहिल्या दिवशी एक घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. "डावा कान ओढतो." बावीस वर्षं यांच्या पँटचा डावा पाय आखूड, आता डावा कान. म्हटलं, "मास्तर, तुमची डावी बाजूच लांब असेल, आमची शिवण काय करील?" तेव्हापासून रोज येतात, भांडायला. उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलतात आणि मला शब्द न् शब्द ऐकू येतो. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची आयुष्यभराची सवय.

लागलं म्हणतोस. लागू दे. पोरगं खोटं काय बोललं? त्याच्या लग्नाला सकाळी गेलास आणि कुठल्या वकिलाचा कोट द्यायचा म्हणून संध्याकाळच्या गाडीला बसलास. टाचणी झाली तेव्हा "एवढा सीझन संपू दे" म्हणालास. असे सहा सीझन संपले. आता सगळ्या जगाची दुकानं बंद पडली तेव्हा तुला सवड झाली.

बरं, मापाचं. पंधराला माप घेणार, मग मी शिवणार कधी आणि पाठवणार कधी? थंडी काय तुझ्यासाठी थांबणार आहे? खिडकीतूनच माप घे. गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे असताना कमरेचा आकडा सांगणारा तू. नेहमीसारखंच करू, तू सांग, मी लिहिते. माप घेणाऱ्याने स्वतः लिहायचं नाही, हे बाबांनी घालून दिलंय. ते मोडायला नको.

जेवणाचा डबा येतो म्हणून भांडी तशीच ठेवू नकोस. मी ओळखते तुला.

ताई


१० नोव्हेंबर

ताई,

माप घेतलं. बसून वाच.

दोन्ही इमारती एकाच साच्यातल्या आहेत. माझी खिडकी ती त्यांची खिडकी. माझी वीत आठ इंचांची, ती आजवर चुकलेली नाही. जमिनीपासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत चार वितींना एक इंच कमी, म्हणजे एकतीस. वरची एकेक काच दहा इंचांची. टाचणी सरळ उभी राहिली की डोकं दुसऱ्या काचेच्या वरच्या पट्टीला टेकतं. एकतीस आणि वीस.

एक्कावन्न, ताई! सहाव्या वर्षी! तीनदा मोजलं. आपल्या घरात दहावं सरेपर्यंत हा आकडा कुणी पाहिला नव्हता. बाबा बेतायच्या टेबलापाशी खोक्यावर उभे राहायचे. सगळं गाव आपल्याला "बुटक्यांचं दुकान" म्हणून ओळखतं. आणि ही बघ. बांबूच.

खांदा दहा. छाती तेवीस. हात मात्र बेताचे. खांद्यापासून मनगटापर्यंत दीड काच, पंधरा. उंची सुनेच्या माहेरून आली असणार, हात आपले. कोटाची लांबी तेहेतीस धर. बटणं पाच.

मुलाला काही विचारलं नाही. कोट आल्यावर बघू दे तोंड उघडं टाकून.

इथे दिवस बरा जातो. सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच, आमच्या भेटीच्या वेळा. मी जे करीन ते ती करते. मी नाक खाजवलं, तिने खाजवलं. मी चष्मा पुसला, तिने नसलेला चष्मा पुसला. पाच दिवस राहिले.

भांडी घासतो.

बाळ


१३ नोव्हेंबर

ताई,

परवा सुटणार होतो. आता नाही.

खालच्या मजल्यावरची घरमालकीण खोकायला लागली. तपासलं, निघालं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं आली, जिन्यात फवारा मारला आणि खालच्या दाराला चिकटपट्टी लावून गेली. त्या कपड्यांची शिवण अगदी वाईट होती. अख्ख्या इमारतीला आजपासून पुन्हा चौदा दिवस. घरमालकीण तशी ठीक आहे, मघाशी खिडकीतून समोरच्या बाईशी भांडत होती.

मोजलं. सत्तावीसला सकाळी सुटेन, तीसला दुपारी गाडी. मध्ये तीन दिवस. परवाना वाढवून मिळत नाही. मुलगा दोन कचेऱ्यांत विचारून आला.

सूनबाईने टाचणीला सांगितलं. तिने पडदा ओढून घेतला. आईने उघडला, तिने पुन्हा ओढला. संध्याकाळी पाचलाही पडदाच.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मनावर घेऊ नका. तिला वाटतं, तुम्ही येतो येतो म्हणता आणि येत नाही."

मी विचारलं, "तुलाही असंच वाटायचं?"

तो म्हणाला, "जेवलात का?"

पंधराचे तीन दिवस झाले. आज कळलं, पंधराही काही फार नव्हते.

बाळ


१५ नोव्हेंबर

बाळ,

एक्कावन्न! मी आकडा मोठ्याने वाचला आणि मास्तर उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "पुन्हा मोजायला सांगा. तुमच्या घराण्यात पन्नासच्या पुढे गणित जात नाही." म्हटलं, "मास्तर, जळू नका."

कोट बेतला. कापड कुठलं ते विचारू नकोस. घरात होतं.

उद्या अस्तर, परवापासून काजं. पाचही हातानेच करते, मशीनवर नाही. वीस तारखेच्या आत निघेल. पंधराला सुटशील म्हणतोस, म्हणजे हे लिहिते आहे तेव्हा ती तुझ्या मांडीवर असेल. बांबू मांडीवर मावतो का ते कळव.

ताई


२२ नोव्हेंबर

ताई,

तुझं पंधराचं पत्र एकोणीसला आलं. त्यानंतर काही नाही. पोस्टमन रोज येतो आणि चिकटपट्टी लावलेल्या दारापाशी थांबून मान हलवून जातो.

काल न राहवून हेडमास्तरांना फोन लावला. विचारलं, "ताई कशी आहे?" म्हणाले, "उत्तम. सगळं व्यवस्थित आहे." आणि ठेवला. या माणसाच्या तोंडून "व्यवस्थित" हा शब्द मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. तेव्हापासून मला चैन नाही. काय चाललंय ते लिही. मशीन बिघडलं? कापड फाटलं? पडलीबिडलीस का?

इकडचं सांगतो. पडदा चार दिवस बंद होता. पाचव्या दिवशी मी वर्तमानपत्राचा एक कोट कापला. कॉलर, खिसे, बटणं, सगळं. फक्त उजवी बाही कापली नाही. तो काचेवर चिकटवला आणि दिवसभर खिडकीत गेलो नाही. पाचला गेलो तर समोरच्या काचेवर एक कागदी बाही चिकटवलेली. डावी निघाली ती, पण बाही होती. मग पडदा उघडला.

आता रोज एक कपडा चालतो. काल मी पँट लावली, एक पाय आखूड. तिने तेवढाच तुकडा कापून तिच्या काचेवर लावला. हेडमास्तरांना ही पोरगी आधी भेटायला हवी होती.

लिही.

बाळ


२३ नोव्हेंबर

बाळ,

सोबत कोट. काम फार होतं, म्हणून पत्र लिहिता आलं नाही. प्रकृती उत्तम. एक दिवस उन्हात घालून मगच अंगात घालावा. काळजी नसावी.

ताई


२८ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र आणि मी बहुतेक एकाच गाडीने येऊ. तरी लिहितो, कारण तोंडी सांगायला बसलो तर तू मध्ये बोलशील.

काल सकाळी चिकटपट्टी काढली. मी रस्ता ओलांडला. अठरा पावलं. सव्वीस दिवस ज्या रस्त्याकडे बघत होतो तो अठरा पावलांत संपला. जिना चढलो, दार उघडं होतं, सूनबाई हसत होती. तिच्यामागे कुणीच नव्हतं. मी खिडकीकडे बघत होतो. मग खालून, अगदी खालून, कुणीतरी माझ्या पँटची शिवण ओढली.

टाचणी माझ्या पोटापर्यंत येते.

खिडकीपाशी एक स्टूल आहे. लाकडी, चार पायांचं, दहा इंच उंच. सव्वीस दिवस ती त्यावर उभी राहत होती, मला नीट दिसावी म्हणून. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही तर खिडकीत मोठे होता!" मी म्हटलं, "पेटीवर उभा होतो." ती म्हणाली, "मी स्टुलावर."

ज्या घरात बापाने खोक्यावर उभं राहून आयुष्य काढलं आणि मी स्वतः पेटीवर चढलेलो, त्या घरात मला स्टूल सुचलं नाही. हेडमास्तरांना सांगू नकोस.

कोट दुपारी आला. तुझी उन्हाची सूचना मानून आज सकाळपर्यंत खिडकीत टांगला, मग घातला. खांदा बरोबर, छाती जरा सैल, बाही नेमकी मनगटावर. खाली मात्र कोट जमिनीवर दोन बोटं लोळत होता. ती चालली की कोट आधी आणि ती मागून. मुलगा भिंतीला टेकून हसता हसता खाली बसला. त्याला असं हसताना मी तो शाळेत होता तेव्हा पाहिलं होतं. टाचणीला मात्र तो अस्साच हवा आहे. "राणीसारखा" म्हणते.

आता तुझ्याशी बोलायचंय.

कापड ओळखलं. माझ्या कोटासाठी घेतलेलं राखाडी. अठरा वर्षं कपाटात होतं. असू दे, त्याचा कोट मी कधी शिवणारच नव्हतो.

पण खालची दोन काजं तुझी नाहीत. वरची तीन तुझी, डोळे मिटून हात फिरवला तरी कळतं. चौथ्याचे टाके एकमेकांच्या अंगावर पडले आहेत आणि पाचवं तर बटणाला घाबरून तोंड मिटून बसलंय. आणि चिठ्ठी लाल शाईत आहे. सगळे काने एका उंचीचे. हे अक्षर मी मुलाच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं वाचलंय. तू भांडी घासायला सांगितलेली नाहीस, हे वेगळंच.

तुला ताप आला होता. किती दिवस?

बाळ


२ डिसेंबर

बाळ,

शाळेत पोचलास, असं मास्तरांनी जिन्यातून जाहीर केलं. बाहेरून आलेल्यांचे सात दिवस तिथेच काढायचे आणि देखरेख त्यांचीच, म्हणजे तुझं काही खरं नाही. चौथीच्या वर्गात ठेवलंय म्हणे. तिथली बाकं आखूड आहेत, पाय मावत असतील. बुटकेपणाचा पहिलाच फायदा.

सहा दिवस. सतरा ते बावीस. पहिले तीन फक्त अंग दुखलं, पुढचे तीन आठवत नाहीत. डॉक्टरीणबाई दारातून बघून जायच्या. तुला कळवलं असतं तर तू चिकटपट्टी तोडून निघाला असतास आणि तुरुंगात बसला असतास. तुझ्या वाट्याला तीनच दिवस होते. त्यात मी कशाला येऊ? आता बरी आहे. कालपासून वास यायला लागला. पहिला वास दुकानातल्या मशीनच्या तेलाचा आला.

कोट दुकानातच राहिला होता, तीन काजं होऊन. किल्ली मास्तरांकडे. मी भिंतीच्या इकडून, घरातून, सांगत होते, ते तिकडून, दुकानातून, ओरडत होते. "सुई आता कुठे?" "खाली!" "खाली म्हणजे कुठल्या दिशेला?" अख्खी गल्ली काज करायला शिकली. त्यांच्या तीन बोटांना भोकं पडली. पाचवं झाल्यावर म्हणाले, "ताई, तुमच्या भावाला यापुढे नावं ठेवणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पँट सोडून." सकाळ-संध्याकाळ भात आणि सूप दारात ठेवून जायचे. सूप बेचव होतं. सांगितलं नाही. तेव्हा तसंही काहीच चव लागत नव्हती.

एक कबूल करते. आजारी पडलं की माणूस आवराआवर करतो. तू लांबी तेहेतीस सांगितलीस, मी पस्तीस लिहिली. हे आजचं नाही. पहिल्या दिवसापासून तू सांगशील त्यात मी थोडं वाढवून लिहिते, कारण तू माप घट्ट सांगतोस. गिऱ्हाईकं "तुमचा भाऊ काय माप घेतो!" म्हणतात तेव्हा मी मान खाली घालून काज करते. वाईट वाटून घेऊ नकोस.

आता कोटाचं काय केलंस? कापलास? खरं सांग.

ताई


३ डिसेंबर

ताई,

बाकावर बसून लिहितो आहे. मास्तर सकाळी हजेरी घेतात. आम्ही चौघेच आहोत, तरी घेतात. त्यांच्या बोटांच्या पट्ट्या पाहिल्या. सुटलो की पहिलं काम त्यांची पँट. डावा पाय खरोखरच आखूड आहे, मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी कबूल केलं नव्हतं इतकंच.

तू वाढवून लिहितेस ते मला ठाऊक आहे. म्हणून तर मी कमी सांगतो. तू वाढवणार, मग मी पूर्ण सांगून कसं चालेल? या खेपेला एक्कावन्न बघून भान सुटलं आणि पूर्ण सांगून बसलो.

कोट कापला नाही. टाचणीने कात्री बघितली आणि स्टुलावर चढून बसली. मग सूनबाईची सुई घेऊन खालून आतल्या बाजूला दुमडी घातल्या. पाच. प्रत्येक दुमड वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. आता कोट गुडघ्याखाली बसतो, जरा जड पडतो, पण ऐटीत. तिला सांगितलं, दरवर्षी एक दुमड उसवायची. तिने विचारलं, "कोण उसवणार?"

मुलगा टेबलापाशी होता. त्याने मान वर केली नाही, पण चमचा थांबला.

मी म्हटलं, "मी."

"गिऱ्हाईक आलं तर?"

"थांबेल."

पुढच्या नोव्हेंबरचा लाल दोरा. तू बरोबर येणार आहेस, मास्तर दुकान बघतील. त्यांना काज येतं.

लाल वहीसाठी पान सोबत पाठवतो, डिंकाने चिकटव. टेप नव्हता, वितीने मोजलं, या वेळी जमिनीवर उभी करून. पाच विती आणि एक इंच, एक्केचाळीस. माप घेणाऱ्याने लिहायचं नाही, म्हणून मी सांगितलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. कागदावर बघशील तर बेचाळीस आहे. मी म्हटलं, "अगं, एक्केचाळीस सांगितलं." ती म्हणाली, "मी वाढते आहे ना?"

खोडू नकोस.

बाळ